सोडियमला इलेक्ट्रॉन "द्यायचा असतो", मग तो काढायला ऊर्जा का लागते?

चिंचगूळ (धागाकर्ती)

मंडळी, भाची अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता सगळं इंग्रजीतून, त्यामुळे रोज रात्री जेवणं आटोपली की आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरते. मी बीएस्सी केमिस्ट्री. पण त्याला वीस वर्षं झाली, आणि मधल्या काळात माझा केमिस्ट्रीशी संबंध खायच्या सोड्यापुरताच उरला.

काल रासायनिक बंध काढला. सोडियमच्या इलेक्ट्रॉनांची कवचांतली मांडणी २, ८, १. क्लोरीनची २, ८, ७. मला जसं शिकवलं होतं तसंच मी सांगितलं: सोडियमला तो शेवटचा एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, दोघांचं अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतं, बंध तयार. तिने मान डोलावली. मग मागचं प्रकरण उघडून म्हणाली, "आत्या, इथे सोडियमची पहिली आयनन ऊर्जा ४९६ किलोज्यूल प्रति मोल लिहिलीय. म्हणजे इलेक्ट्रॉन काढायला बाहेरून ऊर्जा घालावी लागते. द्यायचाच असतो तर वर पैसे कशाला मागतो?"

मी म्हटलं, क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळाला की ऊर्जा बाहेर पडते, त्यातून भागत असेल. तिने तोही आकडा शोधला. ३४९. वजाबाकी केली आणि वही माझ्याकडे सरकवली. १४७ ची तूट.

मी "उद्या सांगते" म्हणून भांडी घासायला उठले. आता उद्या आज झालाय. वाचवा.

उंटावरचा_शहाणा

सोपं आहे हो. सोडियम म्हणजे लग्नात आहेर करणारे मामा. पाकीट द्यायचं तर असतंच, पण ते खिशातून बाहेर काढताना जिवावर येतं. ती ४९६ मामींची परवानगी.

पांढरा_कोट

मामांचं पाकीट बाजूला ठेवू. ताई, भाचीचं गणित अगदी बरोबर आहे. एक सुटा सोडियम अणू इकडे आणि एक सुटा क्लोरीन अणू लांब तिकडे असेल, तर इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेणं हा तोट्याचाच व्यवहार आहे. सोडियमला काही "द्यायचं" वगैरे नसतं. त्याच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत, ते त्या शेवटच्या इलेक्ट्रॉनलाही धरूनच बसलेले असतात. आतल्या दहा इलेक्ट्रॉनांच्या आडोशामुळे पकड ढिली असते, इतकंच. ढिली असली तरी पकडच ती.

गंमत पुढे आहे. इलेक्ट्रॉन गेल्यावर एकावर धन प्रभार आला, दुसऱ्यावर ऋण. असे प्रभार आलेले अणू म्हणजे आयन. आता ते एकमेकांना ओढणार, आणि जितके जवळ येतील तितकी ऊर्जा मोकळी होणार. प्रभारांमधल्या ओढीचा कूलोमचा नियम लावून आकडेमोड केली तर साधारण ९.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) अंतरावर ती १४७ ची तूट भरून निघते. त्याच्या आत आलं की नफाच नफा. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइड आयनांमधलं अंतर आहे २.८ अँगस्ट्रॉम. म्हणजे नफ्याच्या प्रदेशात खूप आत.

चिंचगूळ

हे भारी आहे! म्हणजे आधी उधारीवर इलेक्ट्रॉन हलवायचा आणि नंतर जवळ येऊन वसुली करायची?

निवृत्त_मास्तर

उधारी हा शब्द आवडला. पण "आधी" आणि "नंतर" म्हणजे निव्वळ हिशेबाची सोय बरं का. प्रत्यक्षात बरणीतल्या क्लोरीनमध्ये सोडियमचा तुकडा पेटतो तेव्हा तिथे कोणी टप्प्याटप्प्याने काम करत नसतं. तरी हिशेब पूर्ण मांडून दाखवतो, कारण पांढरा_कोट यांनी एक सोडियम आणि एक क्लोरीन घेतला, आणि आपल्या मिठाच्या डब्यात तसं जोडपं कुठेच नसतं.

सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल. सोडियमच्या घन धातूतून सुटे अणू वेगळे करायला १०७. क्लोरीन वायूचे रेणू फोडून तेवढेच सुटे अणू मिळवायला १२१. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६. खर्च झाला ७२४. क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतल्यावर ३४९ जमा. अजून ३७५ अंगावर. आता हे सगळे आयन येऊन स्फटिकात रचले गेले की ७८७ मोकळे होतात. हिला लॅटिस एनर्जी म्हणतात. ७८७ मधून ३७५ गेले, हाती राहिले ४१२. मूलद्रव्यांपासून मीठ बनताना प्रयोगात मोजलेली उष्णता ४११. हा जमाखर्च १९१९ मध्ये माक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी मांडला, म्हणून बोर्न-हाबर चक्र. भाचीच्या अकरावी-बारावीत ते येईलच, पण तिने चक्राचं नाव न ऐकता त्याची पहिली ओळ स्वतः लिहिली आहे, हे तिला जरूर सांगा.

हे ७८७ एवढे मोठे कशामुळे? स्फटिकात एका सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड असतात, आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोणाचा जोडीदार कोण, हे ठरवताच येत नाही. मिठात सोडियम क्लोराइडचा "रेणू" नसतोच. डब्यातला एकेक खडा म्हणजे एक अखंड वस्ती. या सोडियमने इलेक्ट्रॉन दिला तो याच क्लोरीनला, आणि म्हणून या दोघांतच बंध, असं चित्र बाण काढून फळ्यावर दाखवतात. मीही तीस वर्षं दाखवलं. बाण हिशेबाला ठीक आहे, पण मुलांच्या डोक्यात जोडपी बसतात ती निघत नाहीत.

अकरावी_ब

नमस्कार सर, मी पण अकरावीलाच आहे. एक शंका. सोडियमला द्यायची इच्छा नाही, आणि जवळ आल्यावरच फायदा होतो, तर मग सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? प्लस टू झाला तर ओढ अजून वाढेल ना? लॅटिस एनर्जी पण वाढेल. आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, अष्टक पूर्ण झालं म्हणून. पण तुम्ही तर म्हणताय अष्टकाला इच्छा नसते.

पांढरा_कोट

शाबास. आकडा बघ: सोडियमची पहिली आयनन ऊर्जा ४९६, दुसरी ४५६२. जवळजवळ नऊपट. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातून काढावा लागतो. तो केंद्रकाच्या जवळ आणि त्याला आडोसाही कमी.

आता तू म्हणतोस तसं समजू की दोन क्लोरीनवालं मीठ बनलं. त्याची लॅटिस एनर्जी किती असेल? शेजारच्या मॅग्नेशियमच्या क्लोराइडची साधारण २५०० आहे, तेवढी धरू. २५०० मिळवायला एकट्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनवर ४५६२ घालवायचे. दिवाळखोरी. म्हणून तसलं मीठ होत नाही. मॅग्नेशियमचं उलट: पहिली ७३८, दुसरी १४५१. दुसरा इलेक्ट्रॉन महाग आहे, पण परवडणारा.

निवृत्त_मास्तर

अकरावी_ब, आता मॅग्नेशियम ऑक्साइड घे. आपण सांगतो की ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन हवे असतात. पहिला दिला तर १४१ बाहेर पडतात, ठीक. दुसरा दिला तर? बाहेर काहीच पडत नाही. उलट सुमारे ७४४ घालावे लागतात, कारण आधीच ऋण प्रभार असलेल्या आयनावर आणखी एक ऋण प्रभार दामटायचा असतो. म्हणजे अष्टक पूर्ण होतंय आणि ऑक्सिजन त्याला विरोध करतोय! सुटा ऑक्साइड आयन हवेत एकटा टिकतच नाही. स्फटिकात टिकतो, कारण मॅग्नेशियम ऑक्साइडची लॅटिस एनर्जी ३७९० च्या घरात आहे आणि ती सगळी देणी फेडते. प्लस टू आणि मायनस टू एकमेकांना चौपट जोराने ओढतात, शिवाय आयन लहान म्हणून अंतर कमी. मीठ ८०१ अंश सेल्सियसला वितळतं, तर मॅग्नेशियम ऑक्साइड २८०० अंशांच्याही वर. पोलादाच्या भट्ट्यांना आतून त्याच्या विटा लावतात.

खडूवाला

मास्तर, आदर ठेवून बोलतो. मी नववी-दहावीला शिकवतो. वर्गात अडुसष्ट मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यात हजेरी. तिथे "सोडियमला द्यायचा असतो, क्लोरीनला हवा असतो" एवढं सांगितलं की साठ मुलं सूत्र बरोबर लिहितात. लॅटिस एनर्जी काढत बसलो तर सहासुद्धा लिहिणार नाहीत. अष्टकाला शिव्या घालणं इथे सोपं आहे. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन या चौघांसाठी तो नियम किती चांगला चालतो तेही सांगा की.

निवृत्त_मास्तर

खडूवाला, मुद्दा मान्य. अष्टकाला शिवी नाही हो माझी. १९१६ मध्ये गिल्बर्ट ल्युइसने अणूभोवती ठिपके मांडून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या दाखवल्या तेव्हा ना इलेक्ट्रॉनचं वागणं सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण होतं (ते १९२६ चं), ना केंद्रकात न्यूट्रॉन असतो हे ठाऊक होतं (चॅडविकने ते १९३२ मध्ये दाखवलं). त्या अर्धवट माहितीवर त्याने काढलेली ठिपक्यांची रीत आज शंभर वर्षांनीही सेंद्रिय रसायनाच्या प्रत्येक वहीत आहे. ही लहान गोष्ट नाही.

माझं म्हणणं एवढंच की अष्टक मोजायला वापरा. सूत्र लिहायला, ठिपके मांडायला, संयुजा (अणू किती बंध करतो तो आकडा) काढायला. मुलाने "का" विचारलं की मात्र "अष्टक पूर्ण करायचं असतं म्हणून" असं सांगू नये, ऊर्जेकडे बोट दाखवावं. नववीला एवढंच म्हणा: "एकत्र आल्यावर दोघांची मिळून ऊर्जा कमी होते, म्हणून." वाक्य तेवढंच लांब आहे, हजेरीचा वेळ खात नाही :)

आणि नियम कुठे मोडतो तेही एकदा कानावर घाला. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन. नायट्रिक ऑक्साइडमध्ये संयुजा इलेक्ट्रॉनच (बाहेरच्या कवचांतले) अकरा, विषम संख्या, जोड्या लागणार कशा? शिवाय आपल्या रोजच्या श्वासातला ऑक्सिजन. ठिपक्यांनी त्याचा दुहेरी बंध काढला तर सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, अष्टकं पूर्ण, चित्र देखणं. पण द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला तर तो तिथे लटकून राहतो. म्हणजे त्यात जोडीविना इलेक्ट्रॉन आहेत. दोन. ठिपक्यांच्या चित्रात ते कुठे दाखवायचे?

खडूवाला

"दोघांची मिळून ऊर्जा कमी होते". उद्याच वापरून बघतो. पटलं नाही तर इथे येऊन भांडेन.

कोकणी_मेवा

राजवायूंचा (हेलियम, झेनॉन वगैरे, सहसा कोणाशी बंध न करणारे) विषय निघेलच म्हणून आधीच अभिमानाने सांगतो: हेलियम आमच्या विजयदुर्गावर सापडला! १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण. किल्ल्यावर साहेबाचे कट्टे अजून आहेत. लॉकयर साहेबाने तिथून दुर्बीण लावली होती. दरवर्षी १८ ऑगस्टला कार्यक्रमही असतो.

घाटमाथा

कट्टे आहेत, बघितलेत, सुंदर जागा आहे. पण मेवाभाऊ, वाईट वाटून घेऊ नका, नॉर्मन लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हता. ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट बघून त्यातल्या तेजस्वी रेषा टिपणाऱ्यांमध्ये फ्रान्सचा जान्सेन होता, तो आंध्रात गुंटूरला. लॉकयरने ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडातून, ग्रहण नसताना, त्या रेषा पाहिल्या. पुढे त्या पिवळ्या रेषेचा धनी एखादं नवं मूलद्रव्य असावं असं म्हटलं गेलं आणि सूर्यावरून हेलियम नाव पडलं. पृथ्वीवर तो रॅम्झीला १८९५ मध्ये युरेनियमच्या एका खनिजात सापडला.

विषयाशी संबंध मात्र आहे. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, आणि ही नवी ५८७.५ च्या जवळ. दीड नॅनोमीटरच्या फरकावरून ओळखलं की हा सोडियम नव्हे. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्यांची उंची वेगळी. वरच्या पायरीवरून खाली उतरताना तेवढ्याच उंचीचा प्रकाश बाहेर. आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की ज्योत पिवळी होते ना, तोच मिठातला सोडियम.

कोकणी_मेवा

म्हणजे कट्टे कसले मग? असो. आंबे तरी आमचेच आहेत ना, की तेही गुंटूरचे?

चिंचगूळ

आंबे तुमचेच :) आमटी उतू जाण्याचं मात्र माझ्याकडे प्रात्यक्षिक रोज असतं. भाचीला दाखवलं. आता ती मुद्दाम चिमूटभर मीठ ज्योतीवर टाकते आणि शेगडी मी पुसते.

मूळ विषयाकडे. सहसंयुज बंधाचं काय? तिथे तर कोणी देत-घेत नाही, वाटून घेतात. "वाटून घेतल्याने" ऊर्जा का कमी होईल? वाटून घेतलं की तंटे वाढतात हा माझा अनुभव. घर वडिलोपार्जित आहे.

घाटमाथा

हायड्रोजनचे दोन अणू घ्या. लांब असताना प्रत्येक इलेक्ट्रॉनला एकच प्रोटॉन ओढतो. जवळ आले की प्रत्येक इलेक्ट्रॉनला दोन प्रोटॉन ओढतात, आणि दोन्ही केंद्रकांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता वाढते. तिथला ऋण प्रभार दोन्ही धन केंद्रकांना धरून ठेवतो. अजून एक गोष्ट आहे, ती फक्त पुंजयांत्रिकीत (अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरच्या भौतिकीत) कळते: इलेक्ट्रॉनला कोंडलं की त्याची गतिज ऊर्जा वाढते, आणि पसरायला ऐसपैस जागा दिली की कमी होते. रेणूत त्याला दोन अणूंवर पसरता येतं. याच दोन अणूंचा हिशेब हाइटलर आणि लंडन यांनी १९२७ मध्ये पहिल्यांदा केला.

मग अणू आणखी जवळ, आणखी जवळ असं का होत नाही? फार जवळ आले की प्रोटॉन प्रोटॉनला ढकलतो. या ओढाताणीत ऊर्जा सगळ्यांत कमी असते ७४ पिकोमीटरवर (शंभर पिकोमीटर म्हणजे एक अँगस्ट्रॉम). तीच बंधाची लांबी. त्या तळातून अणू पुन्हा वेगळे करायला ४३६ किलोज्यूल प्रति मोल.

निवृत्त_मास्तर

यात एक भर. बंधाला इलेक्ट्रॉनांची जोडीच लागते असंही नाही. हायड्रोजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घ्या. उरले दोन प्रोटॉन आणि एकटा इलेक्ट्रॉन. तरीही बंध टिकतो! लांबी वाढून १०६ पिकोमीटर होते आणि ताकद २५५ च्या आसपास येते. एका इलेक्ट्रॉनवर दोन प्रोटॉन बांधलेले. ना अष्टक, ना द्विक (हायड्रोजनला लागणारे दोन), ना जोडी. हे उदाहरण मी वर्गात वर्षाच्या शेवटी सांगायचो, परीक्षा झाल्यावर.

अकरावी_ब

सर, परीक्षा झाल्यावर का? आधीच सांगा ना.

जीवशास्त्रवाली

उशिरा आले, धागा सगळा वाचला. एक गोष्ट खटकतेय. तुम्ही सगळे म्हणताय बंध होताना ऊर्जा बाहेर पडते आणि तोडायला लागते. आम्ही तर आयुष्यभर शिकवत आलो की एटीपीच्या (पेशी ऊर्जेसाठी वापरतात त्या रेणूच्या) फॉस्फेट बंधात ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटला की ती मोकळी होते आणि स्नायू चालतात. इंधनाचंही तेच सांगतात. मग आम्ही चुकीचं शिकवतो?

निवृत्त_मास्तर

बाई, शब्द चुकतो, हिशेब चुकत नाही. पण त्या शब्दापायी बारावीची मुलं बंध ऊर्जेच्या गणितात चिन्हं उलटी लिहितात, हे मी पेपर तपासताना पाहिलंय. म्हणून जरा लांबून सांगतो.

बंध म्हणजे विहिरीच्या तळाशी गेलेली कळशी समजा. पडताना धप्प आवाज झाला, पाणी उडालं, ऊर्जा बाहेर गेली. आता ती कळशी वर काढायची तर दोर ओढावा लागणार. कळशी स्वतःहून वर येऊन तुमच्या हातात ऊर्जा ठेवते असं कुठल्याच विहिरीत होत नाही. बंध तोडणं म्हणजे कळशी ओढणं. नेहमी खर्चच. एटीपीचाही, गोबरगॅसचाही.

मग गॅस पेटल्यावर उष्णता कुठून येते? मिथेनच घ्या. त्यातले कार्बन-हायड्रोजनचे चार बंध तोडायचे, प्रत्येकी ४१३. शिवाय ऑक्सिजनचे दोन रेणू फोडायचे, प्रत्येकी ४९८. एकूण खर्च २६४८. म्हणून नुसता गॅस सोडून भागत नाही, लायटर लागतो. पहिल्या काही कळशा ओढायला कोणीतरी हात लावावा लागतो. मग नवे बंध जुळतात: कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९, आणि पाण्याच्या दोन रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार, प्रत्येकी ४६३. जमा ३४५०. फरक ८०२. तोच तुमच्या पातेल्याला लागतो. कळशा उथळ विहिरींतून काढल्या आणि खोल विहिरींत टाकल्या. ऊर्जा आली ती नव्या बंधांच्या खोलीतून, जुन्यांच्या पोटातून नव्हे.

एटीपीचंही असंच. पाण्याशी अभिक्रिया होताना एक बंध तुटतो, तिथे खर्च. नवे बंध जुळतात, सुटलेल्या फॉस्फेटला पाणी चारी बाजूंनी बिलगतं, शेजारी शेजारी दाटीने बसलेले ऋण प्रभार लांब जातात. सगळं मिळून प्रमाण परिस्थितीत ३०.५ किलोज्यूल प्रति मोल मुक्त ऊर्जा, म्हणजे कामाला लावता येणारी ऊर्जा, हाती येते. "एटीपीच्या अभिक्रियेतून ऊर्जा मिळते" म्हणा. बंध फोडून मिळते असं म्हणू नका.

जीवशास्त्रवाली

पटलं. आणि थोडी चिडचिडही झाली, कारण माझ्या नोट्समध्ये "उच्च ऊर्जा बंध" हा शब्द प्रत्येक पानावर आहे. नोट्स विकल्या जातात हो.

घाटमाथा

मास्तर, कळशी उत्तम, फक्त एक दुरुस्ती. खऱ्या विहिरीत कळशी तळाला जाऊन गप्प पडते. रेणू गप्प पडत नाही. अगदी निरपेक्ष शून्य तापमानालाही अणू तळाच्या थोडे वर थरथरत राहतात. इलेक्ट्रॉनचंही तेच. केंद्रकात जाऊन का पडत नाही असं मुलं विचारतात, त्याचं उत्तरही इथेच आहे: जितका आत कोंडाल तितकी गतिज ऊर्जा वाढते, ओढीतून मिळणारा नफा ती खाऊन टाकते. हायड्रोजनमध्ये हा तोल ५३ पिकोमीटरच्या आसपास साधतो.

निवृत्त_मास्तर

मान्य. थरथरणारी कळशी.

उंटावरचा_शहाणा

मामा गेले, कळशी आली, ती पण थरथरते. आमच्या काळी केमिस्ट्रीत फक्त वास यायचा.

बरं, एक खरंच विचारतो. राजवायू कोणाशीच बंध करत नाहीत हे तरी खरं ना? ते तेवढं पाठ आहे माझं.

पांढरा_कोट

तेही नाही, सॉरी :) १९६२ मध्ये नील बार्टलेट कॅनडात व्हँकूवरला होता. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा इतका हावरट पदार्थ की त्याने ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतला. बार्टलेटने आकडे ताडून पाहिले: ऑक्सिजन रेणूची आयनन ऊर्जा ११७५, झेनॉनची ११७०. ऑक्सिजनचा काढता येतो तर झेनॉनचा का नाही? दोन वायू एकत्र सोडले आणि पिवळसर-नारिंगी घन पदार्थ खाली बसला. झेनॉनचं संयुग. त्यानंतर झेनॉनची फ्लोराइडं लगोलग तयार झाली. अष्टक पूर्ण असलेला अणू बंध करत नाही ही समजूत पुस्तकात इतकी घट्ट बसली होती की आकडे समोर असूनही फार थोड्यांनी करून बघितलं.

हेलियमची गोष्ट वेगळी, त्याची आयनन ऊर्जा २३७२. तिथे तुमचं पाठांतर सुरक्षित आहे.

अकरावी_ब

सगळ्यांना धन्यवाद. पण खरं सांगा, सीईटीला "सोडियम क्लोराइड का बनतं" असा प्रश्न आला आणि पर्यायात "अष्टक पूर्ण करण्यासाठी" असेल तर काय टिक करू?

खडूवाला

पर्यायात "ऊर्जा कमी होते म्हणून" असेल तर ते. नसेल तर अष्टकावर टिक कर आणि पुढच्या प्रश्नाला लाग. मार्क घे, तत्त्वासाठी तिथे भांडू नकोस.

ता.क. आज वर्गात मास्तरांचं वाक्य वापरलं. एका मुलीने विचारलं, "सर, कमी झालेली ऊर्जा जाते कुठे?" गेल्या अकरा वर्षांत त्या धड्यावर मला कोणी प्रश्न विचारला नव्हता. भांडायला आलो नाही, एवढंच कळवायला आलो.

चिंचगूळ

भाचीला सगळा धागा वाचून दाखवला. बोर्न-हाबरचा जमाखर्च तिने वहीत मांडला, ४१२ आलं तेव्हा स्वारी खूश. मी पण. वाटलं, सुटले एकदाची.

आत्ता पिठलं करत होते. पाण्यात मीठ टाकलं, ती शेजारी उभी. म्हणते, "आत्या, स्फटिक मोडायला ७८७ लागतात ना? मग हे मीठ गार पाण्यातसुद्धा चमचा फिरवला की विरघळतं. ७८७ दिले कोणी?"

पांढरा_कोट

ही मुलगी पुढे जाणार. पाण्याने दिले, ताई. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण आणि हायड्रोजनची थोडी धन असते, कारण ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे जास्त ओढून घेतो. त्यात रेणू १०४.५ अंशांत वाकलेला, त्यामुळे दोन्ही हायड्रोजनची ओढ एकमेकांना मारून टाकत नाही. पाण्याचे रेणू सोडियमकडे ऑक्सिजनची बाजू करून बिलगतात, क्लोराइडकडे हायड्रोजनची. या बिलगण्यात जवळजवळ ७८३ परत मिळतात. तूट फक्त चारच्या आसपास. तीही पाण्याच्याच उष्णतेतून भरली जाते, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं. चांगला थर्मामीटर असेल तर घरी दिसेल.

चिंचगूळ

सांगितलं. तिने ऐकलं, वहीत ७८७ वजा ७८३ केलं, आणि विचारलं: "म्हणजे चारचा तोटाच आहे. दोघांची ऊर्जा कमी होते म्हणून गोष्टी घडतात असं तुम्हीच सांगितलंत. मग तोटा होत असताना मीठ विरघळतंच का?"

पिठलं तळाला लागलंय. मास्तर?

निवृत्त_मास्तर

कळशी तिथे पुरणार नाही. मी खडूवाल्यांना दिलेलं वाक्यही अपुरं होतं, हे तुमच्या भाचीने पकडलं. त्याला एंट्रॉपी म्हणतात. नवा धागा काढा, मी उद्या सकाळी चहा झाल्यावर बसतो.